निकोला ब्वालो : जीवन, कार्य आणि कीर्ती

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• निकोला ब्वालो या फ्रेंच कवी-समीक्षकाच्या जीवनाचा क्रमवार परिचय करून देता येईल.
• त्याच्या प्रमुख रचनांचे स्वरूप सांगता येईल.
• 'नियमांचा पुरस्कर्ता' ही त्याची रूढ प्रतिमा कशी घडली आणि ती कितपत यथार्थ आहे, याची चर्चा करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पाश्चात्त्य साहित्यविचाराचा अभ्यास करताना अभिजातवाद आणि स्वच्छंदतावाद या दोन संज्ञा तुमच्या परिचयाच्या झाल्या आहेत. अभिजातवादाची चर्चा निघाली की संयम, औचित्य, विवेक, नियम हे शब्द ओघाने येतात आणि त्यांच्या पाठोपाठ निकोला ब्वालो याचे नाव येते. ग्रीक पुराणकथांत पार्नास हा काव्यदेवतांचा पर्वत मानला जातो. त्या पर्वताचा कायदेकर्ता, असे बिरुद पुढच्या काळाने ब्वालोला बहाल केले. ब्वालोने नियम घालून दिले आणि पुढे स्वच्छंदतावाद्यांनी ते मोडले, असे विधान अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. हे विधान लक्षात ठेवायला सोपे आहे, परंतु त्यावर विसंबून राहिल्यास ब्वालोचे खरे कार्य आपल्या नजरेतून निसटते.

लेखकाची कीर्ती टिकते कशी, हा प्रश्न स्वतः ब्वालोने आपल्या उत्तरायुष्यात विचारला होता आणि त्याचे एक ठाम उत्तरही दिले होते. त्याचे चरित्र पाहताना हा प्रश्न आपण सतत मनाशी ठेवू आणि शेवटी त्याचीच कसोटी त्याला लावून पाहू.

विषय-विवेचन

१. जन्म, बालपण आणि शिक्षण

ब्वालोचा जन्म १ नोव्हेंबर १६३६ रोजी पॅरिसमध्ये झाला. हा काळ ध्यानात घ्या. आदल्याच वर्षी, १६३५ मध्ये, फ्रेंच अकादमीची स्थापना झाली होती. पुढच्या वर्षी कोर्नेयचे 'ल सिद' हे नाटक रंगभूमीवर येऊन मोठा वाद माजवणार होते आणि देकार्तचा पद्धतिविषयक ग्रंथ प्रसिद्ध होणार होता. भाषा, नाटक आणि विचार या तिन्ही क्षेत्रांत शिस्तीचा शोध सुरू झालेल्या काळात हे मूल जन्माला आले.

त्याचे वडील पॅरिसच्या 'पार्लमाँ'मध्ये लिपिक होते. नावावरून गैरसमज होऊ नये. पार्लमाँ ही त्या काळी कायदेमंडळ नसून उच्च न्यायसंस्था होती. न्यायालयाच्या आवारातच सँत-शापेल हे प्राचीन राजप्रार्थनामंदिर आहे. त्याच्या सावलीत ब्वालोचे बालपण गेले. कुटुंब मोठे होते. एका भावाने, जीलने, कवी म्हणून नाव मिळवले आणि निकोलाच्या कितीतरी आधी अकादमीत प्रवेश केला. दुसरा भाऊ, जाक, धर्मशास्त्राचा पंडित झाला. भावंडांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून निकोलाला 'देप्रेओ' हे उपनाम मिळाले. कुटुंबाच्या क्रोन गावातील लहानशा मिळकतीवरून ते आले होते.

बालपण मात्र सुखाचे नव्हते. तो दोन वर्षांचा असतानाच आई वारली. पुढे मूतखड्यासाठी झालेली शस्त्रक्रिया नीट न साधल्याने त्याची प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. तो अविवाहित राहिला. आधी धर्मशास्त्राचा आणि मग कायद्याचा अभ्यास करून १६५६ मध्ये त्याने वकिलीची सनद मिळवली, पण न्यायालयात त्याचे मन रमले नाही. १६५७ मध्ये वडील निवर्तले. वारशाने आलेली रक्कम फार मोठी नव्हती, तरी साधेपणाने राहणाऱ्या माणसाला पुरेशी होती. या वारशाचे महत्त्व कमी लेखू नका. त्या काळचा बहुतेक लेखक एखाद्या सरदाराच्या आश्रयावर जगत असे. ज्याला कुणाच्या आश्रयाची गरज नाही तोच समकालीनांविषयी स्पष्ट बोलू शकतो. ब्वालोची निर्भीडता या स्वातंत्र्यावर उभी होती.

२. उपरोधिकाकार ब्वालो

नियमकार म्हणून ओळखला जाणारा हा लेखक प्रथम प्रसिद्धीस आला तो उपरोधिकांमुळे. उपरोधिका हा प्राचीन रोमन काव्यप्रकार होरेस आणि जुव्हेनाल यांनी समृद्ध केला होता. त्यांचा आदर्श समोर ठेवून ब्वालोने पॅरिसचे जीवन रंगवले. रस्त्यांवरील गोंगाट आणि गर्दी, एका हास्यास्पद मेजवानीची फजिती, कुळाचा पोकळ अभिमान, यमक जुळवताना होणारी कवीची ओढाताण असे विषय त्याने हाताळले. या रचना आधी मित्रमंडळींत वाचल्या जात. १६६६ मध्ये त्यांची एक अनधिकृत आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने स्वतःच सात उपरोधिकांचा संग्रह प्रसिद्ध केला.

खळबळ उडाली ती मुख्यतः एका कारणाने. ब्वालो हयात लेखकांची नावे घेऊन त्यांच्या काव्यावर टीका करत होता. त्याच्या लक्ष्यांपैकी सर्वांत मोठे नाव शाप्लँ याचे होते. शाप्लँ हा अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने लेखकांना राजाश्रय देण्यासाठी १६६३ च्या सुमारास याद्या करवून घेतल्या, तेव्हा शिफारस करण्याचे काम शाप्लँकडे होते. कुणाला मानधन मिळावे हे बऱ्याच अंशी त्याच्या शब्दावर ठरे. जोन ऑफ आर्कच्या जीवनावरील त्याच्या 'ला प्युसेल' या महाकाव्याची वाचकांनी वीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती. १६५६ मध्ये त्याचे पहिले बारा सर्ग प्रसिद्ध झाले, ते अत्यंत रूक्ष निघाले, आणि तरीही शाप्लँची प्रतिष्ठा ढळली नाही. अशा माणसाच्या कवितेला उघडपणे कंटाळवाणी म्हणणे हे त्या काळी धाडसच होते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्या. शाप्लँ नियमांविषयी अज्ञानी नव्हता. नाटकातील काळाच्या ऐक्याचा आग्रह धरणाऱ्या आद्य फ्रेंच विचारवंतांत त्याची गणना होते. 'ल सिद'विषयी अकादमीने दिलेल्या निवाड्याच्या लेखनातही त्याचा प्रमुख वाटा होता. म्हणजे ज्याला नियम सर्वाधिक ठाऊक होते, त्याचीच कविता वाचवत नव्हती. ब्वालोने ज्याची थट्टा केली तो नियमभंग करणारा कवी नसून नियम जाणणारा पंडित होता. केवळ नियमपालनाने काव्य सिद्ध होत नाही, याची जाणीव ब्वालोला पहिल्यापासून होती, हे या एका उदाहरणावरून दिसते.

टीका करताना त्याने एक भेद कटाक्षाने पाळला. शाप्लँच्या सचोटीविषयी, सौजन्याविषयी त्याला शंका नव्हती. त्याचा आक्षेप कवितेपुरता होता. माणूस आणि त्याची कृती यांना वेगळे ठेवण्याचा हा दंडक आजच्या समीक्षकालाही मार्गदर्शक ठरावा. मात्र ब्वालो स्वतः तो नेहमीच पाळू शकला असे म्हणता येत नाही. प्रवचनकार कोतँ याच्यासारख्यांवरील त्याचे प्रहार पुष्कळदा व्यक्तीवरच उतरतात.

३. समकालीनांची पारख

दोष दाखवणे तुलनेने सोपे असते. श्रेष्ठ लेखक त्याच्या हयातीत, वाद चालू असताना ओळखणे अवघड असते. ब्वालोची खरी परीक्षा येथे होते.

१६६२ च्या अखेरीस मोल्येरचे 'लेकोल दे फाम' हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यावर अश्लीलतेचे, धर्मनिंदेचे आरोप झाले. लगेचच तरुण ब्वालोने मोल्येरच्या समर्थनार्थ काव्य लिहिले. पुढे यमकावरील उपरोधिका त्याने मोल्येरलाच उद्देशून रचली. मोल्येर हा व्यवसायाने नट होता आणि नटांना तेव्हा चर्च सन्मानाचे दफनही सहजासहजी देत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाठिंब्याचे मोल कळते.

१६७७ मध्ये रासीनचे 'फेद्र' हे नाटक आले. त्याच विषयावर प्रादों नावाच्या सामान्य नाटककाराकडून दुसरे नाटक लिहवून घेऊन विरोधकांनी ते दोनच दिवसांनी रंगभूमीवर आणले आणि रासीनला पाडण्याचा घाट घातला. रासीन खचला. तेव्हा ब्वालोने त्याला उद्देशून एक पत्रकाव्य लिहिले. मोल्येरच्या हयातीत त्याची झालेली उपेक्षा आणि मृत्यूनंतर उमगलेले त्याचे मोठेपण यांची त्यात आठवण करून दिली आणि शत्रूंची टीका लेखकाला अधिक काटेकोर बनवते, असा धीर दिला. आज प्रादोंचे नाव केवळ या प्रसंगामुळे उरले आहे. 'फेद्र' मात्र फ्रेंच शोकात्म नाटकाचे शिखर मानले जाते.

मैत्रीमुळे त्याची दृष्टी झाकोळली नाही. मोल्येरच्या प्रहसनांतील ढोबळ विनोद त्याला रुचत नसे आणि ते त्याने आपल्या काव्यशास्त्रात नोंदवलेही. त्याचे सर्वच निर्णय अचूक होते असेही नाही. त्याने उपहासलेला कीनो पुढे ल्यूलीच्या संगीतनाट्यांचा समर्थ संहिताकार ठरला. सोळाव्या शतकातील राँसार या थोर कवीची त्याने बोळवण केली. ला फाँतेन त्याच्या परिचयाचा होता, पण त्याच्या नीतिकथांचा काव्यप्रकार ब्वालोच्या काव्यशास्त्रात जागाच मिळवू शकला नाही. परंतु जमाखर्च मांडला तर मोल्येर आणि रासीन यांच्या बाजूने तो उभा राहिला आणि शाप्लँ, प्रादों यांच्या विरोधात गेला, आणि पुढील साडेतीन शतकांनी तो निर्णय फिरवलेला नाही.

तुमची प्रगती तपासा
(अ) वडिलांच्या वारशाचा ब्वालोच्या समीक्षेशी कोणता संबंध जोडता येतो?
(आ) शाप्लँचे उदाहरण नियम आणि काव्य यांच्या नात्याविषयी काय सुचवते?

४. १६७४ : एका ग्रंथातील तीन ब्वालो

१६७४ मध्ये ब्वालोच्या संकीर्ण रचनांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तीन महत्त्वाच्या कृती एकत्र आल्या. त्या एकत्र वाचल्या तरच लेखक नीट समजतो.

पहिली कृती 'लार पोएतिक', म्हणजे 'काव्यकला'. चार सर्गांचे आणि अकराशे ओळींचे हे पद्यमय काव्यशास्त्र आहे. त्याचा छंद अलेक्झांड्राइन. यात प्रत्येक ओळीत बारा अक्षरे असतात आणि सहाव्या अक्षरानंतर यती येते. अक्षरसंख्येवर उभ्या असलेल्या छंदाची कल्पना अभंगामुळे तुम्हांला आहेच. पहिल्या सर्गात सर्वसाधारण तत्त्वे येतात. विचार स्पष्ट झाल्याशिवाय अभिव्यक्ती स्पष्ट होत नाही, म्हणून लेखकाने आधी विचार करायला शिकावे. लिहिलेले पुन्हा पुन्हा घासावे. स्तुतिपाठकांपेक्षा परखड मित्राचा सल्ला मोलाचा मानावा, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या सर्गात गोपगीत, विलापिका, ओड, सुनीत यांसारखे लहान काव्यप्रकार येतात. तिसऱ्यात शोकात्मिका, महाकाव्य आणि सुखात्मिका यांचा विचार आहे. स्थळ, काळ आणि कृती यांची तीन ऐक्ये आणि संभाव्यतेचे तत्त्व येथेच येते. चौथ्या सर्गात कवीच्या चारित्र्याविषयी उपदेश आहे.

यांतील बहुतेक नियम ब्वालोचे नव्हते. ॲरिस्टॉटलवरील इटालियन भाष्यकार, होरेस आणि फ्रान्समधील आधीची पिढी यांनी ते घडवले होते. ब्वालोने प्रस्थापित मतांना संस्मरणीय शब्दरूप दिले. त्याच्या अनेक ओळी फ्रेंच भाषेत म्हणींसारख्या रूढ झाल्या. या कृतीच्या यशात तत्त्वांइतकाच या घोटीव भाषेचा वाटा आहे.

औचित्य हा शब्द वाचताना तुम्हांला क्षेमेंद्राच्या 'औचित्यविचारचर्चे'ची आठवण होईल. तुलना उद्बोधक आहे, पण ती जपून करावी. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य औचित्याला रसाचे जीवित मानतो. सतराव्या शतकातील फ्रेंच कवीच्या औचित्यात सभ्य समाजाच्या शिष्टाचाराचाही मोठा भाग आहे.

दुसरी कृती 'ल ल्यूत्रँ'. तिची हकीकत मोठी रंजक आहे. सँत-शापेलमध्ये ग्रंथ ठेवण्याचे एक अवजड लाकडी पीठ होते. तेथील कोषाध्यक्षाने ते मुख्य गायकाच्या आसनासमोर मांडले आणि गायक त्याच्या आड दिसेनासा झाला. यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण जुंपले. पार्लमाँचा प्रमुख लामोन्यों याने ते मिटवले आणि या क्षुल्लक विषयावर महाकाव्य रचून दाखव, असे ब्वालोला गमतीने आव्हान दिले. ब्वालोने ते स्वीकारले. महाकाव्याचा सारा थाट वापरून त्याने पीठासाठी झालेले युद्ध वर्णिले. पहिले चार सर्ग १६७४ मध्ये आणि उरलेले दोन १६८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकांच्या दुकानात दोन्ही पक्ष एकमेकांवर जाडजूड ग्रंथ फेकून लढतात, हा त्यातील प्रसंग आजही हसवतो.

तिसरी कृती म्हणजे लाँजायनसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उदात्तताविषयक ग्रीक ग्रंथाचे भाषांतर. प्रस्तावनेत ब्वालोने उदात्त आणि उदात्त शैली यांत भेद केला. भारदस्त शब्दांनी नटलेली रचना उदात्त असेलच असे नाही. उलट अगदी साधे वाक्यही वाचकाला हलवून टाकू शकते; बायबलच्या आरंभी प्रकाशाच्या निर्मितीचे जे साधे कथन येते त्याचे उदाहरण लाँजायनसप्रमाणे त्यानेही महत्त्वाचे मानले. या भाषांतरामुळे उदात्ताची चर्चा युरोपभर पसरली. अठराव्या शतकात बर्क आणि कांट यांनी ती पुढे नेली आणि स्वच्छंदतावादी सौंदर्यविचाराचा एक आधार त्यातून घडला.

आता विचार करा. नियम सांगणारे काव्य, नियमांच्या थाटाची चेष्टा करणारे काव्य आणि नियमांच्या पलीकडील सामर्थ्याचा शोध घेणारा ग्रंथ हे तिन्ही एकाच लेखकाने एकाच ग्रंथात वाचकांपुढे ठेवले. पुढच्या काळाने त्यांतले पहिलेच लक्षात ठेवले.

५. राजदरबार आणि अकादमी

चौदाव्या लुईला ब्वालो आवडू लागला आणि त्याला वार्षिक २,००० लीव्रचे मानधन मिळाले. वृद्ध कोर्नेयचे मानधन बंद झाल्याचे कळताच ब्वालोने राजापुढे स्वतःचे मानधन सोडण्याची तयारी दाखवली, तसेच अडचणीत सापडलेल्या पात्रू या विद्वानाचा ग्रंथसंग्रह विकत घेऊन त्याला हयातभर तो वापरू दिला, अशा आठवणी त्याच्याविषयी सांगितल्या जातात.

१६७७ मध्ये राजाने रासीन आणि ब्वालो यांची राजइतिहासकार म्हणून नेमणूक केली. मान मोठा होता, पण किंमतही मोठी होती. दोघांचे काव्यलेखन मंदावले. राजाच्या मोहिमांचे वर्णन करण्यासाठी या दोन शांत प्रकृतीच्या कवींना सैन्यामागोमाग जावे लागले. त्यांनी लिहिलेला इतिहास मात्र वाचकांपर्यंत कधी पोहोचला नाही. त्याचे हस्तलिखित १७२६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाले.

अकादमीत त्याचा प्रवेश उशिरा झाला, आणि त्याचे कारण उघड आहे. त्याने दुखावलेले कितीतरी लेखक तेथे बसलेले होते. १६८३ मध्ये अकादमीने ला फाँतेनची निवड केली, तेव्हा राजाने संमती रोखून धरली. १६८४ मध्ये ब्वालो निवडून आल्यावरच ती मिळाली. पुढच्या वर्षी त्याने पॅरिसजवळच्या ओतोय येथे घर घेतले. तेथील बाग, तेथे येणारे मित्र आणि अंत्वान नावाचा माळी यांना त्याच्या आयुष्यात मानाचे स्थान होते. या माळ्याला उद्देशूनही त्याने एक पत्रकाव्य लिहिले.

६. प्राचीन आणि अर्वाचीन यांचा वाद

२७ जानेवारी १६८७ रोजी अकादमीच्या बैठकीत शार्ल पेरोची एक कविता वाचली गेली. चौदाव्या लुईचे युग सम्राट ऑगस्टसच्या रोमन युगाच्या तोडीचे आहे, असे त्यात म्हटले होते आणि होमरसारख्या प्राचीनांचे दोष दाखवले होते. ब्वालो संतापला आणि त्याने बैठकीतच निषेध नोंदवला. येथून प्राचीन आणि अर्वाचीन यांचा प्रसिद्ध वाद पेटला. पेरोने प्राचीन व अर्वाचीन यांची तुलना करणारा चार खंडांचा संवादग्रंथ लिहिला. ब्वालोने १६९४ मध्ये लाँजायनसच्या निमित्ताने चिकित्सक टिपणे प्रसिद्ध करून उत्तर दिले.

ब्वालोचा युक्तिवाद असा होता. समकालीनांची वाहवा हे श्रेष्ठतेचे प्रमाण नव्हे. फॅशन, मैत्री, सत्ता यांमुळेही ती मिळते. पण अनेक शतके, अनेक पिढ्या आणि भिन्न रुचींचे वाचक एखाद्या कृतीकडे वळत राहिले, तर तिचे मोल नाकारणे हा अविचार होय. प्राचीन लेखक केवळ जुने आहेत म्हणून पूज्य नाहीत. इतक्या दीर्घ परीक्षेत ते टिकले म्हणून पूज्य आहेत. हयातीत गाजून पुढे विसरल्या गेलेल्या कवींचे उदाहरण म्हणून त्याने राँसारचे नाव घेतले.

हा वाद शत्रुत्वात संपला नाही. धर्मशास्त्रज्ञ आंत्वान आर्नो याने १६९४ मध्ये दोघांत समेट घडवला. पुढे पेरोला लिहिलेल्या पत्रात ब्वालोने आपल्या शतकाने काही काव्यप्रकारांत रोमन युगाला मागे टाकल्याचे मान्य केले. वय आणि प्रतिष्ठा वाढल्यावरही मत तपासून पाहण्याची तयारी असणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

७. अखेरची वर्षे

१६९९ मध्ये रासीनचा मृत्यू झाला आणि ब्वालो एकाकी पडला. त्याला बहिरेपण आले होते, आजार वाढत होते. आर्नो आणि पोर-रोयालच्या यान्सेनवादी विचारवंतांविषयी त्याला आदर होता, तर त्यांचे विरोधक जेझुइट दरबारात प्रभावी होते. अर्थसंदिग्धतेवरील आपल्या शेवटच्या, बाराव्या उपरोधिकेत त्याने जेझुइटांच्या नीतिविचारावर प्रहार केला. ती छापण्यास राजाने परवानगी दिली नाही. ती त्याच्या मृत्यूनंतरच प्रकाशित झाली. अनेक वर्षे राजाची स्तुती करणाऱ्या या कवीला त्याच राजाच्या बंदीला तोंड द्यावे लागले.

१३ मार्च १७११ रोजी पॅरिसमध्ये ब्वालो मरण पावला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्याने गरिबांसाठी ठेवला. ज्या सँत-शापेलच्या परिसरात तो वाढला आणि जिथल्या भांडणावर त्याने विडंबन-महाकाव्य रचले, तेथेच त्याचे दफन झाले. १८१९ मध्ये त्याचे अवशेष सँ-जर्मँ-दे-प्रे येथील चर्चमध्ये हलवण्यात आले.

८. कीर्तीचा इतिहास

ब्वालोची कीर्ती त्याच्या हयातीतच फ्रान्सबाहेर गेली. 'लार पोएतिक'चे इंग्रजी भाषांतर १६८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ड्रायडनने त्यावर संस्कार करताना फ्रेंच कवींच्या जागी इंग्रज कवींची नावे घातली. ब्वालो वारला त्याच वर्षी पोपचा समीक्षेवरील पद्यनिबंध प्रसिद्ध झाला, आणि पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक' या विडंबन-महाकाव्यामागे 'ल ल्यूत्रँ'चा आदर्श होता. जर्मनीत गोट्शेडने १७३० मध्ये अभिजातवादी काव्यशास्त्र मांडले. रशियात सुमारोकोव्हने १७४८ मध्ये ब्वालोच्या धर्तीवर पत्रकाव्ये प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये तो शाळेतील पाठ्यक्रमाचा भाग झाला आणि विद्यार्थी त्याच्या ओळी पाठ करू लागले.

या काळात त्याची आठवण जतन करणाऱ्यांनी तिला आकारही दिला. लियाँचा वकील ब्रोसेत याने वृद्ध ब्वालोशी दीर्घ पत्रव्यवहार करून आठवणी जमवल्या आणि १७१६ मध्ये त्याच्या साहित्याची सटीप आवृत्ती काढली. पुढे रासीनचा मुलगा लुई याने वडिलांच्या आठवणी लिहिल्या. ब्वालो, मोल्येर, रासीन आणि ला फाँतेन या चार मित्रांच्या मंडळाचे गोड चित्र पुढे रूढ झाले. त्यात ब्वालो हा इतरांना वाट दाखवणारा गुरू ठरला. विसाव्या शतकातील संशोधकांनी या चित्राविषयी रास्त शंका घेतल्या.

स्वच्छंदतावादी पिढीने बंड केले ते या पाठ्यपुस्तकी ब्वालोविरुद्ध. कीट्सने १८१७ मध्ये आपल्या कवितेत त्याचे नाव तिरस्काराने घेतले. ह्यूगोने १८२७ मध्ये 'क्रॉमवेल'च्या प्रस्तावनेत स्थळ-काळाच्या ऐक्यांवर हल्ला चढवला. सँत-बव्ह या समीक्षकाने राँसारच्या पिढीला पुन्हा प्रकाशात आणले आणि तरुणपणी ब्वालोविषयी प्रतिकूल लिहिले. प्रौढपणी मात्र त्याचे मत बरेच अनुकूल झाले. १८९२ मध्ये लांसोंने त्याच्यावर समतोल ग्रंथ लिहिला. १९२७ मध्ये रने ब्रे याने अभिजातवादी सिद्धांत ब्वालोच्या आधीच सिद्ध झाला होता, हे सप्रमाण दाखवले.

आता ब्वालोचीच कसोटी त्याला लावू. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी त्याच्या कोणत्या गोष्टीकडे परत यावे असे घडले? तीन ऐक्यांकडे आज कोणी आदेश म्हणून पाहत नाही. महाकाव्याविषयीचे त्याचे विधिनिषेध इतिहासजमा झाले. उरल्या त्या पॅरिसचे जिवंत चित्र उभे करणाऱ्या उपरोधिका, 'ल ल्यूत्रँ'मधील हास्य, भाषेची स्वच्छता, उदात्ताविषयीची जाण आणि सत्ताधारी रुचीसमोर न झुकता समकालीन श्रेष्ठत्व ओळखणारी नजर. राँसारच्या बाबतीत मात्र त्याची कसोटी त्याच्यावरच उलटली. पिढ्यांनी विसरलेला कवी पुढच्या पिढ्यांना पुन्हा सापडू शकतो, हे त्याने गृहीत धरले नव्हते. आणि होमरला जुना ठरवणारा पेरो आज वाचला जातो तो १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीकथांसाठी. त्या वादातील त्याच्या युक्तिवादांची आठवण बहुतांशी अभ्यासकांनाच आहे. कीर्ती लेखकाने योजलेल्या दारातूनच येईल असे नाही.

सारांश

ब्वालो (१६३६–१७११) हा फ्रेंच अभिजात युगातील कवी आणि समीक्षक. आर्थिक स्वातंत्र्यामुळे तो समकालीनांवर निर्भीडपणे लिहू शकला. प्रतिष्ठित शाप्लँची उणीव त्याने दाखवली आणि मोल्येर-रासीन यांना संकटकाळी साथ दिली. 'लार पोएतिक'मुळे नियमकार म्हणून तो गाजला. तथापि ते नियम मुख्यतः आधीच्या पिढीचे होते. त्याच वर्षीचे लाँजायनसचे भाषांतर त्याची दृष्टी नियमांपलीकडे जात होती, याची साक्ष देते. मराठीत अभिजातवादाची चर्चा बव्हंशी इंग्रजी समीक्षेच्या वाटेने आली, त्यामुळे त्याची संक्षिप्त, एकांगी प्रतिमाच आपल्यापर्यंत अधिक पोहोचली. एखाद्या लेखकाला एका बिरुदात बसवलेले आढळले, तर ते बिरुद कुणी, केव्हा आणि कशासाठी दिले, हे आधी विचारण्याची सवय तुम्ही या अभ्यासातून लावून घ्या.

स्वाध्याय

१. ब्वालोच्या उपरोधिकांचे स्वरूप सांगून त्यांवरील वादाची कारणे स्पष्ट करा.
२. १६७४ च्या ग्रंथातील तीन कृतींच्या आधारे ब्वालोच्या साहित्यदृष्टीची चर्चा करा.
३. दीर्घकाळ टिकलेली कीर्ती हे श्रेष्ठतेचे प्रमाण होय, हे ब्वालोचे मत तुम्हांला पटते काय? तुमच्या वाचनातील एखाद्या मराठी लेखकाचे उदाहरण घेऊन सकारण लिहा.